आईशी बोलायचा आठवडा

रविवारी सकाळी साडेदहा वाजता तिने आईच्या दाराची बेल वाजवली आणि दार एका अनोळखी बाईने उघडलं.

बाईच्या अंगावर नर्सचा गणवेश होता. केस ओले होते, हातात चहाचा कप होता. नर्स बघून तिच्या मनात एकच गोष्ट आली.

"कधी पडली? कुठल्या हॉस्पिटलमध्ये ठेवलंय?"

"कोण पडलं?" नर्सने विचारलं.

"माझी आई! हे तिचं घर आहे."

"हो, काकूंचंच आहे. मी भाडेकरू. रात्रपाळी करून आत्ताच आलेय." नर्सने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही त्यांची मुलगी? मग इथे कशा काय? काकू आज खाडी पोहतायत ना?"

तिने आ वासला तो मिटायचं भान तिला राहिलं नाही. नर्सनेच तिला दंडाला धरून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. खुर्ची आईचीच होती. समोरची भिंतही आईचीच. पण दाराशी दुसऱ्याच चपला होत्या, दोरीवर दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते. आईचं सामान आतल्या खोलीत कुलपात होतं आणि आई, नर्सने सांगितलं, चार महिन्यांपूर्वीच समुद्राकाठी खोली घेऊन राहायला गेली होती.

"पण मी तर तिच्याशी बोलतेय," ती म्हणाली. "दर... म्हणजे, माझा आठवडा असला की रोज."

"मोबाइल आहे हो. कुठूनही बोलता येतं," नर्स म्हणाली.

बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायचं काम तिच्याकडे होतं. कुणाची रजा, कुणाची रात्र, कुठली गाडी कुणाच्या हातात, हे तिच्या बोटांवर. लोक तोंडावर तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे घड्याळबाई. हे नाव तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वडील गेल्यावर आईला रोज फोन कुणी करायचा यावरून भावंडांत कुरबुर सुरू झाली. कधी तिघांचेही फोन एकाच संध्याकाळी जायचे, कधी चार-चार दिवस कुणाचाच नाही. तेव्हा तिने डेपोतली रीत घरात आणली. एक आठवडा दादाचा, एक तिचा, एक धाकट्याचा. ज्याचा आठवडा त्याने रोज रात्री फोन करायचा, आई जेवली का, गोळ्या घेतल्या का विचारायचं. बाकीच्या दोघांनी निर्धास्त राहायचं. दोघेही भाऊ तिच्या हुशारीवर खूश झाले. आईला कुणी विचारलं नव्हतं, पण तीही काही बोलली नाही.

भेटीगाठींचं म्हणाल तर, आईच यायची. "तुम्हाला कुठे सवड, मीच येते," असं म्हणून वाढदिवसाला वगैरे उभ्या उभ्या येऊन जायची. त्यात सगळ्यांचीच सोय होती. आजसुद्धा डेपोची तपासणी ऐनवेळी पुढे ढकलली गेली म्हणून दोन वाजेपर्यंत ती मोकळी होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या मनात आलं की न सांगता जाऊन आईला चकित करावं.

"आईनं हे आम्हाला सांगायला नको?" ती एकदम चिडून म्हणाली. "सदुसष्ट वर्षांची बाई! खाडी म्हणजे काय न्हाणीघर आहे?"

नर्स चहा पिता पिता थांबली. "सांगितलंय म्हणाल्या. तिघांनाही."

"मला नाही!" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते आठवलं.

तिच्याच आठवड्यातला फोन. तिने फोन मान आणि खांदा यांच्यात धरला होता आणि कॉम्प्युटरवर दोन ड्रायव्हरांची अदलाबदल चालली होती. आई म्हणाली होती, "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी पोहणार आहे. येशील का बघायला?" आणि ती म्हणाली होती, "पोहायला? छान छान, व्यायाम हवाच. पण तो आठवडा माझा नाही गं, धाकट्याला सांग ना." आई म्हणाली होती, "बरं." मागे पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता, त्याबद्दल तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, खिडकी उघडी आहे.

तिने दादाला फोन लावला. दादा दातांचा डॉक्टर, रविवारीही दवाखाना उघडा.

"अगं, पेशंट खुर्चीत आहे. बोल पटकन."

"आई खाडीत आहे."

"कुठल्या खाडीत?"

"दादा, आई घर सोडून गेलीय. चार महिने झाले. आणि आत्ता, या मिनिटाला, ती खाडी पोहतेय."

पलीकडे खणकन काहीतरी ट्रेमध्ये पडलं. "थट्टा करतेस का?"

"तुला काही बोलली होती? आठव."

मग दादाचा आवाज एकदम लहान झाला. "खाडीवर जाणार म्हणाली होती. मला वाटलं, सहलीला. मी म्हटलं, टोपी घालून जा."

धाकट्याचा फोन लागायला वेळ गेला. तो कंपनीच्या कामाला दुसऱ्या शहरात होता. "ताई, मला तिनं सगळं लिहून पाठवलं होतं," तो म्हणाला. "बेट, नावाडी, मास्तर, सगळं. मीटिंगमध्ये होतो. मी अंगठा पाठवला."

"वाचलं नाहीस?"

"अंगठा पाठवला म्हटलं ना."

नर्सने पोहणं शिकवणाऱ्या मास्तरांचा नंबर दिला. "किनारा दीड तासावर आहे," ती म्हणाली. "सकाळी आठला बेटावरून पोहत धक्क्याकडे निघणार होत्या. मला येता आलं असतं तर आले असते, पण पाळी बदलून मिळाली नाही." त्यात टोमणा होता की नव्हता, हे कळायची तिची मन:स्थिती नव्हती.

गाडी चालवता चालवता तिने मास्तरांना फोन लावला. आधी नुसती घरघर, मग एक खणखणीत आवाज. "कोण? काकूंची मुलगी? वा! काकू मस्त चालल्यात. अर्ध्याहून जास्त झालंय. मी आणि नावाडी, दोघं आहोत शेजारी नावेत, काळजी नको. थांबा, सांगतो त्यांना. काकू! मुलीचा फोन!"

पाण्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी बोललं आणि मास्तर खो खो हसले.

"विचारतायत, हा आठवडा तर धाकट्याचा ना, मग तुमचा फोन कसा?"

तिला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस तिला वाटत होतं, आठवड्यांचा हा हिशेब आईच्या लक्षातही राहत नसेल. "मास्तर, तिला बाहेर काढा," ती म्हणाली. "मी येतेय. आत्ताच्या आत्ता नावेत घ्या तिला."

"असं नाही हो घेता येत. आम्ही हात लावला की पोहणं बाद. नावेतून पाणी द्यायचं तेसुद्धा काठीला बाटली बांधून. काकूंनी मला बजावलंय, मी मागितल्याशिवाय हात द्यायचा नाही." मग जरा सबुरीने म्हणाले, "ताई, एक वर्ष पोहतायत त्या. लग्नाआधी नदी पोहायच्या, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

नव्हतं ठाऊक. आईने आयुष्यात पाण्याशी केलेला व्यवहार म्हणजे भांडी, कपडे आणि टाकी भरली का ते बघणं, एवढाच तिने पाहिला होता.

रस्त्यात डेपोतून मदतनिसाचा फोन आला. उद्यापासून नवं वेळापत्रक लागणार होतं. "मॅडम, दोनला येताय ना? निम्म्या ड्युट्या लागायच्यात."

"तुम्ही लावा," ती म्हणाली.

"मी? मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

तिने फोन ठेवला. अकरा वर्षांत हे काम तिने कुणाच्या हाती दिलं नव्हतं. दिल्यावर काहीच झालं नाही, गाडी तशीच पुढे जात राहिली, याचाही तिला धक्का बसला.

साडेबाराच्या सुमाराला ती धक्क्यावर पोहोचली. सुटीचा दिवस, तुरळक माणसं. कुणी गळ टाकून बसलेलं, कुणी पोरांना घेऊन फिरणारं. पाणी करड्या पत्र्यासारखं सपाट दिसत होतं आणि त्यावर कुठेही काही नव्हतं. एका बाजूला काळा खडक वर आलेला आणि दूरवर बेट म्हणजे एक पुसट रेघ. एवढं अंतर माणूस हातापायांनी कापतो, हे तिच्या गळी उतरेना. आणि तो माणूस म्हणजे दोन जिने चढल्यावर "जरा टेकते" म्हणणारी आई. की हे "टेकते" तिने ऐकलं त्यालाही वर्ष उलटलं होतं? तिला सांगता आलं नसतं.

फोन वाजला. मास्तरच होते, पण या वेळी आवाजात हसू नव्हतं.

"ताई, नीट ऐका. आम्ही पोहोचण्याआधीच ओहोटी लागलीय, पाणी मागे ओढतंय. किनारा दिसतोय आम्हाला, पण काकू पुढे सरकत नाहीयेत. हात चालू आहेत, पण जागच्या जागी. ओठ निळे पडलेत. मी दोनदा विचारलं, नाही म्हणाल्या. आता थंडीनं माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही कधी कधी, तेव्हा त्यांच्या नाहीवर किती विसंबायचं? घरचं कुणी सांगत असेल तर मी शब्द मोडतो आणि हात लावतो. तुम्ही बोला."

"मी?"

"तुम्हीच आहात फोनवर."

दादा असता तर त्याने एका शब्दात सांगितलं असतं. तो दवाखाना बंद करून निघाला होता, पण अजून वाटेतच होता. रोज शंभर माणसांना कुठे जायचं आणि कधी परतायचं हे ती सांगत असे. त्यातल्या एकालाही कधी विचारलं नव्हतं की तुला काय हवंय.

"तिला कळतंय का, ती कुठे आहे?" तिने विचारलं. "तुम्हाला ओळखतेय का? विचारा तिला काहीतरी. काहीही विचारा."

मास्तर ओरडले. मधे वारा घोंघावला. तिने दुसऱ्या कानात बोट घातलं.

"ओळखतात," मास्तर म्हणाले. "म्हणाल्या, मास्तर, बडबड बंद करा, मला मोजू द्या."

"काय मोजतेय?"

"हात मोजतात त्या. शंभर झाले की परत एकपासून."

आई शाबूत होती. आई तिथे त्या थंड पाण्यात एक, दोन, तीन करत होती आणि तिला कुणीही मधे यायला नको होतं. तिने डोळे मिटले.

"मग नका लावू हात," ती म्हणाली. "तिने मागितला तरच द्या. मास्तर? ऐकलंत ना? मागितला तरच."

उत्तर आलं नाही. नावेची घरघरही नव्हती. ती केव्हा थांबली होती, तिच्या बोलण्याआधी की नंतर, ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने पुन्हा नंबर लावला. फोन संपर्काच्या बाहेर होता. आणखी एकदा लावला. तेच.

आपण बोललो ते मास्तरांपर्यंत पोहोचलं की नाही? पोहोचलं असेल तर आपण काय बोलून बसलो? गळ टाकून बसलेल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिला कळलं की ती मोठ्याने बोलतेय.

पाऊण तासाने मासेमारीची एक होडी बेटाच्या दिशेकडून आली आणि धक्क्याला लागली. ती धावतच पायऱ्या उतरली, शेवाळ्यावर घसरली, सावरली. होडीवाला दोर बांधत होता.

"काका, वाटेत एक नाव दिसली का? पोहणाऱ्या बाईबरोबरची?"

"पिवळा झेंडा लावलेली? दिसली की. खडकापलीकडे होती."

"नावेत किती माणसं होती?"

त्याने दोराची गाठ आवळली आणि आठवून सांगितलं. "दोघं. बाप्येच होते दोघं."

"आणि पाण्यात? पाण्यात कुणी होतं का?"

पाण्यावरच्या उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, तो म्हणाला. पाण्याकडे त्याने पाहिलं नव्हतं.