रुखमाबाईंच्या नावाचा एक्सल

मित्रांनो, नागभीडला मन्सूरभाऊंच्या गॅरेजमागे कडुनिंबाखाली एक गाडी उभी आहे. तिला चाकं नाहीत आणि टपावर कोंबड्या बसतात. ती मी. मी एक जुनी काळीपिवळी जीप आहे. माझा हा अवतार बघून नाक मुरडू नका. एकेकाळी आमच्या जंगलातल्या गावाहून सकाळची पहिली गाडी माझीच सुटायची, आणि माझ्यात जागा मिळावी म्हणून माणसं हातातला चहा टाकून धावायची.

माझे मालक गुणवंतराव. त्यांनी माझ्यातून काय काय नेलं म्हणून सांगू? मोहफुलांची पोती नेली, धानाचे कट्टे नेले, नव्या नवऱ्या नेल्या, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या दिवसांत नाटकाला निघालेली अख्खी आळी नेली. किती माणसं बसायची ते विचारू नका, तेव्हा कोणी विचारतही नव्हतं. सगळा भार पडायचा तो माझ्या मागच्या एक्सलवर, म्हणजे मागची दोन्ही चाकं धरून ठेवणाऱ्या जाड लोखंडी दांड्यावर.

एकदा वाटेत दगड लागून त्या एक्सलच्या डाव्या टोकाला तिरपा पोचा पडला आणि तो चिरला. मन्सूरभाऊंनी तो काढला आणि वेल्डिंग करून देतो म्हणाले. गुणवंतरावांच्या पत्नी रुखमाबाई सोबत होत्या. गॅरेजात तसल्याच काळ्या लोखंडाचा ढीग त्यांनी पाहिला.

"मन्सूरभाऊ, याच्यावर आमचं नाव घाला," त्या म्हणाल्या.

"एक्सलवर नाव? काऊन बाई?"

"भांडं कलईले देतानी नाव घालूनच देतो ना आम्ही? बदललं त मंग कोनाच्या दारी जाऊ?"

सगळे हसले, पण रुखमाबाई हलल्या नाहीत. शेवटी बाजारातल्या भांड्यांवर नावं घालणाऱ्याला बोलावून आणलं. त्याची छिन्नी एक्सलपुढे टिकेना, तेव्हा मन्सूरभाऊंनी लोखंडावर खुणा ठोकायचा आपला पंच दिला. ठिपक्याठिपक्यांनी एक्सलवर उमटलं, 'रुखमाबाई'. तेव्हापासून प्रवासी चेष्टा करायचे की ही गाडी पेट्रोलवर नाही, बाईच्या नावावर चालते. मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

पुढचं सांगताना मात्र माझा जीव आजही घाबरा होतो. दोन वर्षांमागं भाद्रपदात गुणवंतरावांची सून उर्वशी माझ्यात होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या. नाल्याच्या उतारावर माझा एक्सल त्याच जुन्या जोडावर चिरला, मागचं चाक तिरपं झालं आणि मी जागच्या जागी बसले. गावातल्या माणसांनी उर्वशीला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. उर्वशी वाचली. बाळ वाचलं नाही. त्या दिवसानंतर गुणवंतरावांनी माझ्या स्टिअरिंगला हात लावला नाही. मला दोरानं ओढत इथं आणलं.

आता मन्सूरभाऊंचा एक नियम ऐका. तुटका एक्सल भंगारात देताना ते तो आधी फोडून द्यायचे. अख्खा गेला तर कोणी लांडीलबाडी करून पुन्हा गाडीला लावेल, असं ते म्हणत. पण माझा एक्सल द्यायचा दिवस नेमका दसऱ्याचा निघाला. गॅरेज झाडून सारं भंगार बाहेर काढलं होतं, आणि घण, छिन्न्या, पाने सगळे झेंडूच्या फुलांत पूजेला बसले होते. भंगाराची गाडी दारात उभी राहून हॉर्न मारत होती.

त्यांचे भागीदार धनराज म्हणाले, "मन्सूरभाऊ, आज लोखंडाले घाव नोको घालू."

मन्सूरभाऊंनी इतकी वर्षं धनराजचा दसरा पाळला होता. त्यांनी घणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि माझा एक्सल अख्खाच्या अख्खा गेला. यात कोणाचं काही वाईट मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

मग आमच्या ग्रामसभेनं ठरवलं की तेंदूपत्त्याच्या उत्पन्नातून गावाची स्वतःची रुग्णगाडी करायची. जंगलाच्या वाटेवर चालेल अशी उंच, आत बाज जशीच्या तशी ठेवता येईल अशी. मन्सूरभाऊ आणि धनराजनं ती बांधायला घेतली. ही रस्त्यावर उतरली की शेजारच्या गावांनाही तशाच हव्या होत्या. सांगाडा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. इंजिन आलं, पत्रा चढला, पांढरा रंग झाला. अडलं ते मागच्या एक्सलवर. बाहेरगावच्या पुरवठादाराला फोन लावला की तो कधी म्हणायचा माल निघाला, कधी म्हणायचा ट्रक अडकला, कधी म्हणायचा कारखान्यात कामगार नाहीत. उन्हाळा गेला, धानाची रोवणी झाली, गाडी लाकडी ठोकळ्यांवर तशीच. इकडे उर्वशीला पुन्हा दिवस गेले होते. गुणवंतराव दर बाजाराला गॅरेजात यायचे, नव्या गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि परत जायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुरवठादाराची पेटी आली. मन्सूरभाऊंनी झाकण उचकटलं, वाळलं गवत बाजूला केलं, आणि मित्रांनो, मी हादरले. काळ्याकुळकुळीत रंगाखाली डाव्या टोकाला दगडाचा तो तिरपा पोचा होता. तो माझा एक्सल होता. ज्याच्यावर मी आयुष्य काढलं, तो रंग फासून, भेगेत लांबी म्हणजे पुट्टी भरून, नवा म्हणून परत आला होता. मला ओरडायचं होतं. पण हॉर्न माझा केव्हाच काढलेला, बॅटरी नाही, मी कशानं ओरडणार? मन्सूरभाऊ तर आनंदानं डोळे पुसत होते. एवढी वाट पाहिल्यावर आलेल्या मालाकडे संशयानं बघायचं त्यांना सुचलंच नाही.

दसऱ्याला रुखमाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. एक्सल ठोकळ्यांवर ठेवला होता. उद्या तो गाडीला लागणार होता. त्यांनी तेलाचा हात एका टोकापासून फिरवत आणला, आणि मधेच हात थांबला. पुन्हा मागे गेला. पुन्हा पुढे आला. घरातल्या प्रत्येक भांड्यावरचे ते ठिपके त्यांच्या बोटांना पाठ होते. त्यांनी ताटातला चमचा घेतला आणि रंग खरवडायला लागल्या.

"काय करून राह्यली तू?" गुणवंतराव म्हणाले.

त्या खरवडतच राहिल्या. रंगाखालून आधी 'रु' निघालं, मग उरलेलं नाव निघालं. मन्सूरभाऊंनी अंगठ्यानं तो तिरपा पोचा चाचपला. धनराजनं पुरवठादाराला फोन लावून नुसतं ते नाव वाचून दाखवलं. पलीकडून फोन बंद झाला.

"याच्यावर मी पुन्हा पोरीले बसवनार होती," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. मग उठल्या, आणि झेंडूच्या फुलांतून घण उचलला.

"बाई," धनराज चाचरत म्हणाले, "आज दसरा हाये."

"त्या दिवशीबी दसराच होता, भाऊ."

त्यांनी घण घातला. घाव ओझरता बसला. मन्सूरभाऊंनी धनराजकडे पाहिलं. धनराजनं मान खाली घालून दुसरा घण स्वतःच उचलून त्यांच्या हातात दिला. रुखमाबाई आणि मन्सूरभाऊंच्या घावांनी एक्सल दुभंगला, उर्वशीला नेताना चिरला होता अगदी तिथंच. मी पाहत होते. माझाच तो, पण मला दुःख झालं नाही.

गाडी पुन्हा लांबली. त्याच संध्याकाळी मन्सूरभाऊंच्या पत्नी शकिलाबी म्हणाल्या, "पोरीले इथी आना. दवाखाना आमच्या घरून हाकेवर हाये." उर्वशी त्यांच्याकडे राहिली आणि कार्तिकात तिला मुलगी झाली. दुसऱ्या ठिकाणाहून नवा एक्सल यायला होळी उजाडली. रुखमाबाईंनी बोटांनी चाचपून पाहिल्यावरच तो गाडीला लागला. आता ती गाडी गावात आहे, आणि गॅरेजात दुसरीचा सांगाडा उभा राहतो आहे.

माझ्या पोटात अजून गिअरबॉक्स आहे, पुढचा एक्सल आहे. मित्रांनो, एक दिवस भंगाराची गाडी माझ्यासाठीही दारात येईल. तेव्हा मन्सूरभाऊंना माझा निरोप द्या. माझी पूजा नाही केली तरी चालेल, पण मला फोडल्याशिवाय देऊ नका. दिवस दसऱ्याचा असला तरी.