तिने बोलावलं म्हणून

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मग कानाचा आजार जडला आणि उंचावर गेलं की भोवळ यायला लागली. एकदा वरून पडता पडता वाचला, तेव्हा मालकानेच हात जोडले. आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसायचा. पगार निम्म्याहून कमी.

घटस्फोटात मुलगी आईकडे राहील आणि पोटगी बाप देईल, असं ठरलं होतं. पोटगी आधी अर्धी यायला लागली, मग बंदच झाली. ती कमी करून मागता येते, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढायला हवी. वकिलाच्या खर्चाला भिऊन तो गेलाच नाही. त्याने खोली बदलली, फोन उचलणं सोडलं. रविवारी मुलीला भेटायलाही येईना. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जायचं?

आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. भाडं थकलं आणि घरमालक दारात येऊन बोलायला लागला, तेव्हा ती कोर्टात गेली. कोर्टाने वॉरंट काढलं.

"वॉरंट आहे हो ताई, पण माणूस सापडायला नको का?" हवालदार म्हणाला. "आला की कळवा."

एक दिवस मुलगी शाळेतून उड्या मारतच आली. "आई, बाबा येणार आहे रविवारी! मैत्रिणीच्या फोनवरून लावला, तर लगेच उचलला!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईने हवालदाराला फोन केला. माझं काय चुकतंय, असं ती स्वतःलाच विचारत राहिली. तिचं काही चुकत नव्हतंही.

रविवारी तो भिंतीला धरून जिना चढला. पार वाळला होता.

"बाबा, आजोबांसारखा काय चढतोस?" मुलगी हसली.

"अगं, लिफ्टवाल्याला जिन्याची सवय कुठून असणार?"

ती त्याला चिकटूनच बसली. तो आईकडे न बघता म्हणाला, "थोडं सांभाळून घे. दुसरं काम बघतोय."

त्याच्या गळ्याशी सैल झालेली कॉलर बघून आईचं काळीज हललं. जा इथून, लगेच जा, असं ती म्हणणार तोच बेल वाजली. मुलीने धावत जाऊन दार उघडलं.

हवालदाराने पोरीसमोर आवाज चढवला नाही. "चला, खाली बोलू."

तो उठला. मुलीकडे बघत म्हणाला, "म्हणून बोलावलंस होय गं?"

"तिला काही माहीत नव्हतं, मी कळवलं!" आई जिन्यापर्यंत धावली. तो खाली उतरत होता. त्याने मान वर केली नाही.

त्याला महिनाभराची कैद झाली. गोदामातलं काम गेलं, थकबाकी होती तेवढीच राहिली. आई भेटायला गेली, पण त्याने भेट नाकारली. सुटल्यावर तो कुठे गेला, कुणालाच कळलं नाही. मायलेकी खोली सोडून मावशीकडे राहायला गेल्या.

मुलगी घरात बोलेनाशी झाली. एका संध्याकाळी आईने तिला जवळ घेतलं. "बाळा, पोलिसांना मी सांगितलं होतं. तुझा काही दोष नाही."

"माहीत आहे मला," मुलगी म्हणाली. "पण तो माझ्यामुळे आला ना."

आतून मावशीने जेवायला हाक मारली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.