भोंग्याशिवाय मशीन नाही

मी भोंगा. आमगावच्या बाहेर, रेल्वेलाइनच्या अलीकडे जी राइस मिल आहे, तिच्या पत्र्यावर लोखंडी खांबाला मला बांधलंय. उभ्या जन्मात मी कधी हळू बोललो नाही. मला ते येतच नाही. बटण दाबलं की ओरडायचं, सोडलं की गप्प बसायचं, एवढीच माझी अक्कल. पण आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

एक मोटर, एक पंखा, वर भोकाभोकांचा डबा आणि लाल रंग, एवढाच माझा संसार. परसरामजींनी मिल काढली तेव्हा मला गोंदियाच्या बाजारात विकत घेतलं आणि पॅसेंजरमध्ये मांडीवर बसवून आणलं. डब्यातल्या लोकांनी विचारलं, "हे का होय जी?" तर म्हणाले, "आमच्या मिलचा कोंबडा होय." मला तेव्हा राग आला होता. पुढे कळलं की कोंबडा असणं काही वाईट नाही. माझ्या हाकेवर बाया भात चढवायच्या, पोरं दप्तर शोधायची, शेतातले लोक बैल सोडायचे.

पण माझं खरं काम वेगळं होतं. पहिल्याच हंगामात चालत्या पट्ट्यात एका हमालाचं धोतर अडकलं. माणूस वाचला, पण परसरामजींच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. मग त्यांनी स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर लिहिलं, 'भोंग्याशिवाय मशीन नाही.' मशीन चालू करण्याआधी मला वाजवायचं. मग हात बाजूला घेऊन थांबायचं. आत-खाली कुठंही कोणी असेल तर त्यानं ओ द्यायची आणि वर यायचं. तो डोळ्यांना दिसला की मगच मशीन. घरचा असो की पाहुणा, हा नियम कोणी मोडला तर परसरामजी त्याच्या सात पिढ्या काढायचे.

ओ देणारा बहुतेक वेळा एकच असायचा. खुशाल मेश्राम. मिलमध्ये जमिनीत पुरुषभर खोल खड्डा आहे. त्यात धान ओततात आणि डब्यांचा पट्टा ते उचलून वर नेतो. खड्ड्यात काडी-कचरा साचतो, पट्टा अडतो. म्हणून दुपारी मिल थांबली, बाकीचे जेवायला बसले, की खुशाल डोक्याला दुपट्टा गुंडाळून खाली उतरायचा. चपला काठावर काढून ठेवायचा, कारण धानात चप्पल घालून तो कधी गेला नाही. मी वाजलो की खालून आवाज यायचा, "हाव जी, निघालो!" आणि पापण्यांवर कोंडा घेऊन तो वर यायचा. त्याची बायको नीला अंगणात धान वाळवायला असायची. ती म्हणायची, "तुम्ही माह्या हाकेले ओ नाही देत, त्या भोंग्याले देता." तो हसायचा. मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

परसरामजी गेले, त्यांच्या मुलाच्या, वीरेंद्रच्या हाती मिल आली. आणि काळ असा फिरला की काही विचारू नका. चहूकडे ऑटोमॅटिक मिली उभ्या राहिल्या. व्यापारी तळहातावर तांदूळ घ्यायचे, एक काळा दाणा दिसला की हात झटकून निघून जायचे. आसपासच्या जुन्या मिलींना एकेक करून कुलपं लागली, त्यांच्या अंगणात बकऱ्या बसू लागल्या. वीरेंद्रनं बदल करायचं ठरवलं ते चूक नव्हतं. मी म्हातारा असलो तरी एवढं मला कळतं. मिल बंद पडली असती तर खुशाल आणि नीला दोघांचीही रोजी एकाच दिवशी गेली असती.

वीरेंद्रनं गोंदियाहून दीप्ती मॅडमना बोलावलं. काळाबरोबर धंदा कसा बदलायचा, हे लहान कारखान्यांना शिकवणं हे त्यांचं काम. मला वाटलं, ही बाई आता लॅपटॉप उघडणार, रंगीत चित्रं दाखवणार, चहा पिऊन जाणार. पण त्या आठवडाभर राहिल्या. अंगणात बायांबरोबर डबा खाल्ला. पदर खोचून खड्ड्यात उतरून पाहिलं. वर आल्यावर त्यांनी खुशालला विचारलं, "मशीन चालू होणार हे तुम्हाला खाली कसं कळतं?"

"भोंगा वाजते न ताई."

"आणि नाही वाजला तर?"

खुशाल हसला. "नाही वाजला तं मशीनच चालू नाही होत."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

त्या दिवशी ऑफिसच्या खिडकीतून मी त्यांचं बोलणं ऐकलं. "वीरेंद्रभाऊ, नुसतं यंत्र बदलून धंदा बदलत नाही. घरात नवी सून आली तर चूल कुठे, पाणी कुठे, कोणाचा स्वभाव कसा, हे तिला सांगता ना? आणि घरच्यांनाही चार गोष्टी सांगाव्या लागतात. तसंच आहे हे. वायरिंग, धूळ, कोणी कुठलं बटण दाबायचं, माणसांच्या अंगवळणी काय पडलंय, सगळं एकदम हलवावं लागेल. एक दिवस मिल बंद ठेवा, सगळ्यांना शिकवा. आणि नव्या पॅनेलला बझर जोडल्याशिवाय जुना भोंगा काढू नका."

वीरेंद्र म्हणाला, "मॅडम, धानाचा सीझन तोंडावर आहे. पहले मशीन तो आने दो. बाकीचं हळूहळू करून घेऊ."

"हळूहळू म्हणता तेच राहून जातं भाऊ," मॅडम म्हणाल्या. वीरेंद्रनं मान हलवली. माणसांची मान हलवायची ही सवय मोठी फसवी. हो म्हटल्यासारखं दिसतं आणि काही करावं लागत नाही.

मशीन आली. काळा दाणा टिपून बाजूला उडवणारं यंत्र आलं, मोबाइलवरून चालणारं पॅनेल आलं. भिंतींना पांढरा रंग दिला, त्यात परसरामजींची अक्षरं गेली. नवा बझरही आला, पण खोक्यातच. खोकं ऑफिसच्या कपाटावर ठेवलं.

पॅनेल जोडायच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा वाजलो. दुपारी मिल थांबली आणि फिटरनं सगळी लाइन नव्या पॅनेलवर घेतली. माझ्याकडे बघून म्हणाला, "ये पुराना लोड खींचता है. निकाल देता हूँ, बझर परसों लगा देंगे." वीरेंद्र फोनवर होता. त्यानं मान हलवली. माझी वायर कापली तेव्हा मला काहीच दुखलं नाही. एवढ्या मोठ्या आवाजाचा मी, मला वाटलं होतं काहीतरी जाणवेल.

अंगणात कोणाला कोणी काही सांगितलं नाही.

फिटर जेवायला गेला. खुशालनं दुपट्टा गुंडाळला, काठावर चपला काढल्या आणि खाली उतरला. तेवढ्यात गोंदियाहून दोन व्यापारी मिल पाहायला आले. वडील गेल्यापासून वीरेंद्रला मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात मोबाइल होता. "अब आदमी को अंदर जाने की जरूरत ही नहीं," तो सांगत होता. "देखिए, यहीं से चालू होता है."

मी वरून सगळं पाहत होतो. ज्या एका कामासाठी माझा जन्म झाला, ते करायची वेळ हीच होती. मी पूर्ण ताकद लावली म्हणू का? ताकद वायरीतून यायची. वायर लोंबत होती.

वीरेंद्रनं बोट टेकवलं. पट्टा एकदा अडखळला, मग ओढून फिरला. व्यापारी म्हणाले, "वा!" नवीन यंत्राचा आवाज सगळ्यांना नवीनच होता, त्यामुळे त्यातला दुसरा आवाज कोणाला कळला नाही. नीलाला आधी कळलं. तिला खड्ड्याच्या काठावर चपला दिसल्या. हातातला डबा टाकून ती धावली, "बंद करा! बंद करा जी!" वीरेंद्रला घाईत मोबाइलवर बंद करायची जागा सापडेना. खुशालला वर काढलं तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

खुशालच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी नीला मिलमध्ये आली. सोबत दीप्ती मॅडम होत्या. नीला बसली नाही.

"भाऊ, भोंगा काऊन नाही वाजला?"

वीरेंद्र फिटरचं सांगू लागला, बझरचं, लोडचं. तिनं त्याला थांबवलं. "मी ते नाही इचारून राहिली. आता भोंगा वाजणार नाही, असं त्याले कोनी सांगतलं होतं का?"

वीरेंद्र म्हणाला, "नाही."

"तं मंग तो तुमच्या भरोशावर उतरला होता."

वीरेंद्र रडायला लागला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं होतं." दीप्ती मॅडम कपाटावरच्या खोक्याकडे बघत होत्या. "सांगितलं आणि निघून गेले," त्या म्हणाल्या. "पॅनेल जोडलं त्या दिवशी मी इथं असायला हवं होतं." त्या दिवशी मिल बंद ठेवली. सगळ्यांना गोळा करून मॅडमनी नवं पॅनेल समजावून सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत मला त्याला जोडलं. आता मी वाजल्याशिवाय आणि खड्ड्यावरच्या माणसानं काठावरचं बटण दाबल्याशिवाय पट्टा हलत नाही. एका दिवसाचं काम होतं. तेवढा एक दिवस आधी कोणाला मिळाला नाही.

मिल वाचली. तांदळात काळा दाणा सापडत नाही, व्यापारी हात झटकत नाहीत. भिंतीवर वीरेंद्रनं परसरामजींची ओळ पुन्हा लिहून घेतली. त्या दुपारपासून त्याच्या हातात मी मोबाइल पाहिला नाही.

तुम्ही कुठेही, काहीही नवं आणा. माझं काही म्हणणं नाही. मला काढून भंगारात द्या, तरी चालेल. फक्त वायर कापण्याआधी बघा की तिच्या दुसऱ्या टोकाला कोण ऐकत बसलंय, आणि त्याला जाऊन सांगा. एवढीच विनंती करतो.

नीला अजून इथंच कामाला आहे. पोट कोणाला चुकलंय? खड्ड्यावरचं काम तिनं मागून घेतलं. मी वाजलो की सगळे हात थांबतात. मलाही सवयीनं वाटतं, आता खालून ओ येईल. नीला काठाशी येते, चपला काढते, वाकून खाली नीट पाहते. मग बटणावर हात ठेवते आणि सगळ्या मिलला ऐकू जाईल अशी ओरडते, "खाली कोनी नाही जी! करा चालू."