वारा लागू नये म्हणून

“मागनं वारा शिरतोय गो बायजे, अजून एक बोळा कोंब,” मालन म्हणाली. बायजा सुईणीने गाडीच्या चटईच्या छपराची उरलेली फटही चिंध्यांनी बुजवली. आत मालनची सून हेमा, तिचं आठ दिवसांचं पोर आणि निखाऱ्यांनी भरलेली शेगडी. पौषातली थंडी होती, आणि बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे बायजा उभा जन्म सांगत आली होती.

मोहन्यात उंदीर पडले, गाठीच्या तापाने माणसं गेली आणि गाव रिकामं होऊ लागलं. आगगाडीने जावं तर कल्याणला डॉक्टर काखा चाचपून बघत. अंग जरा कोमट लागलं की माणूस प्लेगच्या छावणीत. म्हणून मालनच्या मुलाने, भिवाने, बैल जुंपले आणि खडवलीला मामाच्या मळ्याची वाट धरली. मालन त्याच्या शेजारी बसली. बायजा मागून चालत होती.

नदी ओलांडेपर्यंत पोराने रडून डोकं उठवलं. मग ते गप्प झालं.

“निजला एकदाचा,” मालन म्हणाली. “गुणाचा गो माझा.”

थोड्या वेळाने आतून हेमाचा जड आवाज आला. डोकं फुटतंय म्हणाली, आणि ओकली. भिवाने बैल थांबवले आणि तो उडी मारून लांब जाऊन उभा राहिला. बायकोवर त्याचा जीव होता, पण प्लेगपुढे भल्याभल्यांचे पाय मागे सरतात. मालनही नाकाला पदर लावून उतरली. आगीतून निघून फुफाट्यात पडलो, असंच सगळ्यांना वाटलं. हेमाला इथेच सोडायचं का, हे कुणी बोललं नाही, तरी ते तिघांच्याही मनात होतं.

बायजाही घाबरली होती. पण तापातलं पोर किरकिरतं, असं गप्प होत नाही. तिने बोळे उपसले, घोंगडी ओढून टाकली. आत कोंदलेली निखाऱ्यांची ऊब तोंडावर आली आणि तिचंच डोकं गरगरलं.

“वारा लागंल,” मालन म्हणाली.

“लागू दे.”

तिने हेमाच्या काखा, जांघा चाचपल्या. गाठ नव्हती. मग दोघांना ओढून तिने कडेच्या गवतावर, भर वाऱ्यात निजवलं. पोर बराच वेळ नुसतं पडून होतं. शेवटी त्याने तोंड वाकडं केलं आणि टाहो फोडला. ते ऐकून हेमा उठून बसली, आणि भिवाही रडला.

मळ्यातल्या खोपीत पोचल्यावर मालन सवयीने चिंध्या घेऊन खिडकीपाशी गेली आणि तिथेच थबकली.

“बायजे,” ती हळू म्हणाली, “भिवाच्या आधीचा माझा... तोही असाच गप निजलेला ना गो?”

तेव्हाही बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून फटी बायजानेच बुजवल्या होत्या, आणि सकाळी तिनेच सांगितलं होतं, सटवाईने नेला. तेव्हापासून मालन दर वर्षी सटवाईची ओटी भरत होती. आजही तेच उत्तर चाललं असतं, पण बायजाच्या तोंडून ते निघेना. तिने खोपीत आणलेली शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.

मालन मागोमाग आली. निखाऱ्यांवर राख धरेपर्यंत दोघी म्हाताऱ्या शेगडीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या.