चावी काढली तरी जागा

मित्रांनो, मी एका जुन्या जीपमधला चार्जिंगचा पॉइंट आहे. गिअरच्या दांड्यापुढे जे गोल भोक दिसतं ना, तेच. माझ्यासारख्याने आपली कथा सांगावी की नाही, या विचारात बरीच वर्षं गेली. पण तीन दिवस असे आले, की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची जीप बदलापूरहून बारवीकडच्या पाड्यांवर जाते. साईनाथ ती चालवतो. तरुणपणी माझ्यात लायटर असायचा, त्यावर लोकांनी विड्या पेटवल्या, पुढे मोबाइल आले. पण माझ्यात एक उणीव होती. चावी फिरली की मी जागा व्हायचो आणि चावी काढली की गप्प. आणि शेअरची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे स्टँडवर तासन्‌तास माझ्यात जीव नसायचा. प्रवासी म्हणायचे, "याचा काय उपयोग!" मलाही ते पटायचं.

साईनाथची आई देऊ. अंडी उबवायला बसलेली तिची खुडूक कोंबडी मुंगसाने नेली आणि अकरा अंडी उघडी पडली. घरातलं ते शेवटचं गावठी बियाणं. देऊने थर्माकोलच्या खोक्यात गाडीचा छोटा बल्ब अडॅप्टरवर लावून ती उबवायला ठेवली. अठराव्या दिवशी, पिल्लं निघायला तीन दिवस उरले असताना, पाड्याची वीज गेली. कधी येईल, कोणालाच ठाऊक नव्हतं.

"जीपमध्ये ठेवू," साईनाथ म्हणाला.

"आन्‌ तू चावी काढशील तवा? मी फुंकर घालू?"

म्हणून खोक्यासकट दोघं उल्हासनगरला भावेश वायरमनकडे आले. त्याने माझी वायर चावीपासून सोडवली आणि थेट बॅटरीकडे नेली.

"फ्यूज राहू दे, घाई आहे," साईनाथ म्हणाला.

"अरे सेठ, बिना फ्यूज वायर पेटली तर पिल्लं नाही, आम्लेट निघेल!"

फ्यूज बसला. साईनाथने चावी काढून खिशात टाकली. खोक्यातला बल्ब तसाच जळत राहिला. मित्रांनो, चावी नसताना मी पहिल्यांदा जागा होतो!

तीन दिवस देऊ पुढच्या सीटवर खोका मांडीवर घेऊन बसली. अधूनमधून अंडं पापणीला लावून ऊब बघायची. जास्त वाटली तर झाकण किलकिलं करायची. बॅटरी उतरू नये म्हणून रात्री साईनाथ मधूनमधून उठून इंजिन चालवायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी, स्टँडवर जीप गच्च भरली असताना खोक्यातून टकटक ऐकू आली.

एरवी "सोड की रे आता!" म्हणून ओरडणारे प्रवासी खोक्यावर वाकले. साईनाथने चावी लावली, तर मागून शाळेच्या नूतनबाई म्हणाल्या, "थांब! खड्ड्यात आदळेल ना बिचारं."

"बाई, शाळेला उशीर होतोय तुम्हाला."

"सांगेन, जीप भरली नव्हती म्हणून."

भरलेली जीप तासभर जागची हलली नाही. एक ओलं पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं. संध्याकाळपर्यंत नऊ निघाली. देऊने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ह्यो माझा खुडूक." एवढा मान मला कोणीच दिला नव्हता.

पाड्यावर पोचलो तर वीज आलेली. आनंदाच्या भरात सगळ्यांनी पिल्लं टोपलीत घालून घरात नेली. रिकाम्या खोक्याची पिन माझ्यातच राहिली. बल्ब रिकाम्या खोक्याला ऊब देत राहिला आणि म्हाताऱ्या बॅटरीतली वीज मी थेंब थेंब ओढत राहिलो. मला थांबता येत नव्हतं.

सकाळी जीप सुरू होईना. प्रवाशांनी ढकलली. साईनाथ चिडला, "भावेशला सांगून पहिल्यासारखंच करतो ह्याला!"

मी शरमेनं गारठलो. देऊ मात्र कडाडली, "त्याचा काय दोष रं? त्यो जागा ऱ्हायला. निजलास तू!"

साईनाथ हसला आणि वायर तशीच राहिली. तेव्हापासून आमच्या जीपमध्ये शेवटचा उतरणारा विचारतो, "पिन काढली का?" देऊची नऊ पिल्लं आता अंगणभर उकरत हिंडतात.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी न सांगता जागतो, त्याला आपणहून थांबता येत नसतं. माझं जागणं मी चुकवणार नाही. उतरताना पिन तेवढी तुम्ही काढा.