जाऊबाईंची पिसांची रजई

१९७९ सालची गोष्ट. ऐन थंडीत लोक दारं लावून घरात बसतात. आम्ही डोंगरावर जाऊन स्वतःला झाडांना टांगून घेतलं. कल्पना धाकट्या नणंदेची. जमीन खडकाळ आणि ओली, म्हणून दोन झाडांना कापडी झोळी बांधायची, वर ताडपत्री ताणायची आणि झोळीत झोपायचं. माझ्याकडे तेवढं उबदार पांघरूण नव्हतं. मोठ्या जाऊबाईंनी त्यांची पिसांची रजई दिली, पण बजावूनच. "लेक बाळंतपणाला येतेय, तिला लागेल. भिजली की पिसांचे गोळे होतात हो, मग ती गेली कामातून."

पहिल्याच सकाळी रजई वरून ओलीकच्च.

"ताडपत्री गळतेय," हे म्हणाले. यांचा धंदाच गळत्या काढायचा. पाणी दिसलं की कुठेतरी भोक असणारच, अशी यांची ठाम समजूत.

"अहो, आभाळात ढगाचा ठिपका नाही. गळणार काय, कपाळ?"

"तेच तर शोधायचंय."

भोक सापडलं नाही. तरी यांनी प्रत्येक शिवणीवर रबराचं सोल्यूशन फासलं, कडा खाली ओढून दगडांनी दाबल्या, दोन्ही टोकं दोरीने आवळली. दुसऱ्या सकाळी ताडपत्रीला आतून थेंब लोंबत होते आणि रजई पिळता आली असती.

"बघ, केवढी गळती!" म्हणत यांनी पुन्हा सोल्यूशनचा डबा उघडला. माझ्या डोळ्यांसमोर जाऊबाईंचं तोंड आलं.

मी रजई चाचपली. सगळ्यात ओली होती ती तोंडाजवळची कड.

"वहिनी, तू तोंड आत घेऊन झोपतेस," नणंद म्हणाली. "तुझाच श्वास आहे हा. त्यात दादाने तुला बरणीत घालून झाकण लावलंय."

"म्हणजे गळती हिची आहे तर!" हे म्हणाले.

मी सरळ जाऊन दोन्ही टोकं सोडली.

"वारा लागेल, गारठशील."

"गारठेन. पण कोरडी गारठेन."

दिवसभर रजई उन्हात टाकली, एकेक गोळा बोटांनी फोडला. झोपताना कानटोपी घातली, नाकावर सैल मफलर घेतला आणि तोंड बाहेर ठेवलं. सकाळी रजई जराशी दमट, बस.

यांनी हात लावून पाहिलं. "वाळलं एकदाचं सोल्यूशन."

परतल्यावर जाऊबाईंनी रजई दारातच चिमटीने तपासली. एका कोपऱ्यात दोन गोळे सापडले. "हं," एवढंच म्हणाल्या.

हे सत्तरीपर्यंत गळत्या काढत राहिले आणि ती ताडपत्री आपणच दुरुस्त केली असं चारचौघांत सांगत गेले. नणंदेचे गुडघे गेले, तरी फोनवर डोंगराचे बेत करते. पुतणीला मुलगी झाली, ती त्याच रजईत वाढली. आता तिलाही मुलं आहेत. जाऊबाईंनी मला पुन्हा साधी उशीसुद्धा उसनी दिली नाही. शेवटच्या आजारात त्यांच्याजवळ मीच असायची. पांघरूण सारखं करायला गेले की डोळे न उघडता विचारायच्या, "हात कोरडे आहेत ना गं?"