ज्वारीचा दाणा आणि माझी दुधी काच

मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. मित्रांनो, क्ष-किरणांनी काढलेला फोटो नुसता हातात धरला, तर तो काळोखाचा एक तुकडा असतो. तो माझ्या दुधी काचेवर लावला, की त्यातली हाडे धुक्यातल्या झाडांसारखी हळूहळू उभी राहतात. वाशीमच्या एका सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवले, पोटात दिव्याच्या नळ्या बसवल्या आणि १९७० नंतरच्या त्या वर्षांत मी डॉक्टर जिनदासांच्या दवाखान्यात भिंतीवर विसावले. जिनदास भले गृहस्थ. रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने माझी काच पुसत.

त्यांच्या हाताखाली देवमन नावाचा तरुण डॉक्टर होता, रिठदच्या पुंजाजींचा मुलगा. तो माणसांशी कमी बोले. माझ्यासमोर मात्र तासन् तास उभा राही. पुढे मेंदू आणि मस्तकाचे फोटो वाचण्याच्या विशेष शिक्षणासाठी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याची निवड झाली. तो गेला आणि माझा उजेड मला उगाचच जास्त वाटू लागला.

सुटीत तो भेटायला आला, तेव्हा जिनदासांनी विचारले, "काय शिकवतात रे तिथं?"

"आधी मध्य शोधाले शिकवतात, सर. पुष्कळ मोठ्या मानसायच्या मेंदूत मधोमध चुन्याचा एक कण असते, ज्वारीच्या दान्याएवढा. एका बाजूले रक्त साचलं, का तो दुसऱ्या बाजूले सरकते."

"म्हंजे एवढ्या दूर जाऊन तू दाना निवडाले शिकला!" जिनदास खळखळून हसले. देवमनही लाजून हसला.

त्याच दुपारी अनसिंगची पंचफुला आपल्या सुनेला, भागिरथाला, घेऊन आली. भागिरथा कडब्याच्या गंजीवरून पडली होती. त्याला बरेच दिवस झाले होते. आता तिचे डोके ठणके आणि ती बसल्या जागी पेंगे. फोटो निघाला, माझ्यावर लागला. हाड शाबूत होते, दाणाही मधोमध दिसत होता.

"घरी न्या, आराम करू द्या," जिनदास म्हणाले.

देवमन हलला नाही. "सर, डोकं कलतं हाय. कलत्या डोक्यातला मध्य खरा नसते. केसायच्या बुचड्यावर डोकं ठेवलं तिनं."

बायकांना केस सोडायला सांगायचे नाही, हा जिनदासांचा शिष्टाचार होता. त्यांनी नजर खाली वळवली.

पंचफुला उसळली, "परक्या मानसायपुढं सुनेचे केस सोडू? काय लाजलज्जा हाय का नाही?"

"माय, मी रिठदच्या पुंजाजीचा पोरगा. मी पाठ करून उभा राह्यतो. तुमीच सोडा तिचा बुचडा, डोकं मी सांगतो तसं सरळ ठेवा. नाही तं तिची झोप मोडनार नाही."

शेवटचे वाक्य तो फार हळू बोलला. पंचफुलेने सुनेकडे पाहिले. ती पुन्हा पेंगत होती. मग सासूनेच तिचा अंबाडा सोडला.

दुसरा फोटो माझ्यावर लागला. मित्रांनो, दाणा मध्यापासून सरकलेला होता. जिनदासांनी दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले. मग देवमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुहा दाना भारी रे बावा. चाल, गाडी काढ. नागपूरले नेऊ."

नागपूरला मस्तकातले साचलेले रक्त काढले. पुढच्या सुटीत देवमन आला, तेव्हा भागिरथाही आली. पदराखाली नुकते उगवलेले आखूड केस होते.

"माह्या डोक्यातला दाना दाखवा न, भाऊ."

त्याने फोटो लावून बोट ठेवले. ती जवळ सरकली, डोळे बारीक केले.

"एवढासाच? चिमनीनं टिपला असता न!"

देवमनला इतके मोकळे हसताना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

आता माझी एक नळी विझली आहे, आणि मी अडगळीत भिंतीला टेकून उभी आहे. माझे दुःख एवढेच, की रुमाल घेऊन कुणी येत नाही. मित्रांनो, कधी या बाजूला आलात, तर माझी काच पुसा. तिच्यावर धूळ साचली आहे. आणि काचेवरचा धुळीचा कणही एखाद्याला ज्वारीचा दाणा वाटायचा.